गळ्यात पडून सांगायची गोष्ट

आमच्या तांड्यातून शाळेत गेलेली पहिली मुलगी माझी. मिरवायला म्हणून हे सांगत नाही. ते मिरवून झालं, त्यालाही पुष्कळ वर्षं लोटली. आता तिची मुलं शिकून नोकरीला लागली आहेत आणि सुटीत आली की माझ्या अक्षराला हसतात. हसोत. पण कोणाच्या लेकराची शाळेत प्रगती चांगली आहे असं कानावर आलं, की मी अजूनही डोळ्याला पदर लावते. लोकांना वाटतं, म्हातारीला आनंद झाला.

आमचा तांडा बोरी अरबपासून पायी जाण्याच्या अंतरावर, नाल्याच्या वरच्या अंगाला. माझ्या आजेसासऱ्याच्या पिढीपर्यंत आमची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायची. पुढे रेल्वे आली, तो धंदा बसला, आणि जिथे बैल थकले तिथे माणसंही थांबली. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळा तांडा शेतीच करत होता. कपाशी, ज्वारी, तूर. पण नाल्याखालच्या लहान गावातल्या लोकांच्या लेखी आम्ही कधीही पाल उचलून जाणारेच होतो. घरात आमची गोर बोली, बाजारात वऱ्हाडी. मला दोन्ही सारख्याच येत, कारण माझं माहेर बाजाराला लागून होतं. नवऱ्याची वऱ्हाडी मात्र बैलबाजारापुरतीच होती. इथे घरातलं बोलणं मी वऱ्हाडीतच देते आहे. आमच्या बोलीत लिहिलं तर वाचणाऱ्याचे हाल होतील, आणि माझेही.

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या जूनमध्ये गावातले गुरुजी तांड्यावर आले. मुलींची नावं मागू लागले. लोकांनी त्यांना पाणी दिलं, पान दिलं, बसायला घोंगडी दिली. मुलगी कोणी दिली नाही. मी दिली. थोर विचार वगैरे काही नव्हता. त्या सकाळी सासूशी माझं भांडण झालं होतं आणि तिने आतून ओरडून सांगितलं, "पोरगी द्यायची नाई." झालं. मी बाहेर येऊन नाव सांगून मोकळी झाले.

पहिल्या वर्षी मुलगी नापास झाली. गुरुजी मला बाजारात भेटले. चांगला माणूस होता, पण तोंडावर सांगायची सवय.

"बाई, पोरगी मुकी हाय काय तुमची? वर्षभर तोंड उघडलं नाई तिनं."

मला हसू आवरेना. घरी ही पोर सकाळी डोळे उघडायची ती बोलतच. मी म्हणाले, "गुरुजी, तुमची बोली तिले येत नाई, अन् तिची तुमाले येत नाई. आता मुकं कोन, ते तुमीच सांगा."

तेही हसले. पण ती पुन्हा पहिलीत बसली त्या वर्षी त्यांनी एक केलं, जे दुसऱ्या कोणी केलं नसतं. मुलीला पुढच्या रांगेत बसवलं आणि वर्गातली एकेक वस्तू हातात देऊन तिचं मराठी नाव तिच्याकडून म्हणवून घेतलं. दिवाळीपर्यंत ती मराठीत भांडायला लागली. होळीपर्यंत गावातल्या मुलींना कविता सांगायला लागली. पुढच्या वर्षी दुसरीत तिचा पहिला नंबर आला, आणि सासूने तांडाभर फिरून सांगितलं की पोरीला शाळेत घालायचं तिनेच ठरवलं होतं.

संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि ती चुलीच्या उजेडात पाटी घेऊन बसायची. मोठ्याने म्हणत लिहायची. ऐकून ऐकून आणि बघून बघून मला अक्षरं लागली. पुढे प्रौढांच्या वर्गात मी नाव घातलं खरं, पण माझा खरा श्रीगणेशा त्या पाटीवरचा.

तिच्या मांडीला मांडी लावून बसायचा तो तिचा धाकटा भाऊ. तो अंगाखांद्यावरचा असताना मी शेतात जायची आणि त्याला खेळवायची ती हीच. तो तिच्या वेणीला धरून चालायला शिकला. आमच्यात भावाला भिया म्हणतात. ती त्याला नावाने कधी हाक मारायचीच नाही, भिया, भिया. शाळेतून आली की आधी त्याचं तोंड पुसायची, मग स्वतः पाणी प्यायची. मी थट्टा करायची, "याडी तू का मी?" याडी म्हणजे आई. ती गंभीरपणे म्हणायची, "तू रातची, मी दिवसाची."

आता आमची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आमच्या बाया भेटल्या की आधी रडतात. खूप दिवसांनी बहीण भेटली, मामी आली, मुलगी सासरहून आली, की एकमेकींच्या गळ्यात हात घालायचे, मान खांद्यावर टाकायची आणि सुरात रडायचं. त्याला आम्ही ढावलो म्हणतो. नुसतं हुंदके देणं नव्हे ते. त्यात शब्द असतात, आणि शब्दांत सगळं असतं: कोण आजारी पडलं, कोणाला मूल झालं, कोण गेलं. रडून झालं की डोळे पुसायचे आणि चहापाण्याला लागायचं. मग त्यातलं काही पुन्हा बोलायचं कारण उरत नाही. मरणाची बातमी तर आमच्यात अशीच सांगतात. मृत्यू उभ्या उभ्या, मीठ संपलं म्हटल्यासारखा कोणी सांगत नाही. ज्याला सांगायचं त्याला आधी गळ्यात घ्यायचं.

बोरीच्या बाजारात आमच्या दोन बाया अशा गळ्यात पडल्या की दुकानदार एकमेकांना विचारायचे, "कोन मेलं?" कधी खरंच कोणी मेलेलं असायचं, कधी नुसतीच वर्षाने गाठ पडलेली असायची. सूर दोन्हीचा सारखाच. फरक शब्दांत, आणि ते शब्द रडण्याच्या लयीत इतके ओढलेले, मुरडलेले असतात की घरात आमची बोली बोलणाऱ्यालाही सवय नसेल तर लागत नाहीत. ती सवय मुलींना लहानपणापासून होते. आई जिच्या गळ्यात पडेल तिथे मुलगी ओढणीला धरून उभी असते, ऐकत असते. कोणी शिकवत नाही. लग्नाच्या वयापर्यंत आपोआप येतं.

माझी मुलगी त्या वेळेला शाळेत असायची. पाहुण्या बाया यायच्या दुपारी, लग्नं निघायची तीही शाळेच्या दिवसांत. कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. पहिला नंबर येणाऱ्या मुलीत काय कमी आहे ते कोण शोधतं?

गावची शाळा दुसरीपर्यंतच होती. महाराष्ट्र झाला त्या जूनमध्ये गुरुजी पुन्हा आले आणि म्हणाले, दारव्ह्याला मुलींचं वसतिगृह आहे, खाणंपिणं सरकारी, हिला तिसरीला तिथे टाका. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी सासूकडे पाहिलं. या वेळी ती काहीच बोलली नाही, त्यामुळे माझी पंचाईत झाली. शेवटी मुलगीच म्हणाली, "मी जातो." आमच्याकडे वऱ्हाडात मुलीही अशाच बोलतात. भाऊ तिच्या पेटीवर बसून राहिला होता, त्याला उचलून बाजूला करावं लागलं.

तो भादव्यात गेला.

ताप आला. पहिल्या दिवशी तो खेळत होता, दुसऱ्या दिवशी खेळेना. बोरीच्या डॉक्टरांनी सुई दिली, गोळ्या दिल्या. घरी आणल्यावर त्याने पाणी मागितलं, मी दिलं, तो प्याला आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याहून जास्त मला लिहवत नाही. एवढी वर्षं झाली, तरी नाही.

मुलीला कळवायचं कसं, यावर तांड्यात बोलणं झालं. दारव्ह्याला कोणी ना कोणी जातच होतं. गुरुजी म्हणाले, मी पत्र टाकतो. तांड्याच्या नायकाने हात जोडले. म्हणाला, "नको गुरुजी. तिथी तिले गळ्यात घ्यायले आपली बाई नाई कोनी. लेकरू एकटंच आईकीन अन् एकटंच रडीन." मलाही तेच पटलं होतं. आजही पटतं. दिवाळीच्या सुटीत ती येईल, तेव्हा मी सांगेन. ते सांगणं माझं होतं. दुसऱ्या कोणाचं नव्हतंच.

ते मधले दिवस मी कसे काढले, विचारू नका. कपाशी फुटत होती, माणसं वेचायला जात होती, मी जात होते. वेचता वेचता मनात शब्द जुळवायची. मुलीला काय सांगायचं, कुठून सुरू करायचं. त्याने शेवटी कोणाचं नाव घेतलं ते सांगायचं की नाही. तिचं घेतलं होतं. मी ठरवलं, सांगायचं. बाया म्हणायच्या, ही हल्ली ओठातल्या ओठात पुटपुटते, हिच्यावर लक्ष ठेवा. वेडी झाले नव्हते मी. तयारी करत होते.

दिवाळीच्या आधी बाप तिला आणायला गेला. दुपारी दोघं नाल्याच्या चढावर दिसली. ती अंगाने वाढली होती. निळा झगा, दोन वेण्या, वर रिबिनी. मी हातातलं टाकून धावले. मागून शेजारच्या बाया आल्या. त्यांनाही माहीत होतं, आज सांगायचं आहे. मी तिला गळ्यात घेतलं आणि मान टाकली.

सगळं सांगितलं मी. कसा ताप आला, कसा तो तिच्या फाटक्या ओढणीवरच झोपायचा, डॉक्टर, पाणी, शेवटची हाक. दोन बायांनी माझ्या बाजूने सूर धरला. भादव्यापासून छातीत धरून ठेवलेलं होतं ते सगळं मी माझ्या लेकीच्या खांद्यावर ओतलं. आणि उत्तराची वाट पाहिली. ढावलोला उत्तर असतं. एक थांबते, दुसरी घेते. तशीच रीत आहे.

ती काठीसारखी उभी. आजूबाजूला पाहत होती. मग तिने माझ्या पाठीवर थोपटलं, मोठ्या बाईने थोपटावं तसं, आणि म्हणाली, "नको रडू याडी. मी आलो ना आता."

मी मान वर केली. डोळा कोरडा. उलट जरा लाजलेली. म्हणाली, "आमच्या बाई म्हनते, मोठ्यानं रडू नये. लोकं पायतात."

बायांचा सूर जागच्या जागी थांबला. एकीने तोंडाला पदर लावला. दुसरी मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "शिकून दगड झाली वं पोरगी."

मला काय झालं ते आज नीट सांगता यायचं नाही. दुःख होतंच, पण त्याहून राग होता. ज्याला दिवसभर कडेवर वागवलं तो भाऊ गेला हे ऐकून ही मला थोपटते! मी आत निघून गेले. ती मागून आली, भाकरी मागून घेतली, ठेचा मागितला, पोटभर जेवली. जेवता जेवता शाळेचं सांगत होती. सहामाहीत पहिली आली. तपासनीस आले तेव्हा तिला उभं केलं. तिने नकाशात यवतमाळ जिल्हा दाखवला, वणी दाखवलं, राजूरची कोळशाची खाण दाखवली. मी चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिले. तिची आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मग तिने घरभर पाहिलं आणि म्हणाली, "दिवाळी आली, अन् घर सारवलं नाई काहून?"

मी म्हणाले, "या वर्षी सन नाई आपल्याले." एवढं बोलायला मला किती जोर लागला! तिला वाटलं, मी दमले आहे. "राहू दे, मी सारवतो," म्हणाली. झगा खोचला, शेण आणलं आणि लागली कामाला. तोंडाने काहीतरी कविता म्हणत होती. भावाचं नाव नाही. दुपारपासून एकदाही नाही. मी बाहेर बाजेवर जाऊन बसले. नवरा तिथेच विडी ओढत होता. त्याला म्हणाले, "पाहून घ्या. याच्यासाठी धाडली होती शाळेत." त्याने विडी विझवली. तो तसाही कमीच बोलायचा, आणि भादव्यापासून तर तोंडाला कुलूपच होतं.

दिवेलागणीला मी आत गेले. जमीन वाळत आली होती. ती गुडघ्यावर बसून खडूने लिहीत होती. चिंधीत बांधून रंगीत खडूचे तुकडे आणले होते, वर्गात खाली पडलेले, वेचून ठेवलेले. दारापासून चुलीपर्यंत अक्षरं काढली होती. अ, आ, इ, ई. हाताएवढी मोठी, प्रत्येक वेगळ्या रंगात, आणि प्रत्येकाच्या खाली तेवढीच मोकळी जागा सोडलेली.

मी विचारलं, "हे काय करून राह्यली?"

मान वर न करता ती म्हणाली, "भियासाठी काढून राह्यलो. मामाच्या तांड्यावरून आला का गिरवीन तो. पुढच्या साली त्याले शाळेत घालायचं हाय ना? आता कधी येते तो?"

मी दारातच खाली बसले.

नंतर कळलं ते असं. मोटारीत तिने बापाला विचारलं होतं, भिया मामाकडे गेला का? दिवाळीच्या आधी मामा त्याला दरवर्षी न्यायचाच. बापाने मान हलवली. हो म्हणून हलवली, की मोटारीच्या धक्क्याने हलली, ते त्यालाच ठाऊक. पुरुषाने अशी बातमी सांगायची आमच्यात रीत नाही, आणि त्याची छातीही नव्हती. पोरीने मनाशी धरलं, भिया मामाकडे. मग माझं ते रडणं. तिने इतकी वर्षं बाया भेटताना रडताना पाहिल्या होत्या. मी तिला चार महिन्यांनी भेटत होते. मी रडणारच होते. त्यात विचारायचं काय?

मी म्हणाले, "बाई, इकडं ये."

ती आली. खडूचे हात झग्याला पुसत माझ्यासमोर बसली. पुन्हा गळ्यात घेऊन उपयोग नव्हता. सुरात सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आता नुसत्या बोलण्यात सांगायला हवं होतं, आणि ते मी जन्मात कधी केलं नव्हतं. आमच्यात कोणीच केलेलं नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "भिया मामाकडं नाई. भिया मेला. भादव्यात मेला, तापानं."

असं बोडकं वाक्य. माझ्या कानांना ते शिवीसारखं लागलं.

तिने मागे वळून अक्षरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं ना बाई. दुपारी तुह्या गळ्यात पडून सारं सांगतलं."

"ते सांगनं होतं?" ती म्हणाली. "मले वाटलं, तू रडून राह्यली."

आणि मग ती रडली. पण कशी? तोंडावर दोन्ही हात दाबून, आवाज न करता. वसतिगृहात रात्री मुली अशाच रडत असणार, बाई उठू नये म्हणून. सगळं अंग हलत होतं आणि आवाज नाही. मी तिला जवळ ओढलं. मला सुरात घ्यायचं होतं, माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण ती एवढी मुक्याने रडत असताना मी कोणाला साद घालू? आम्ही दोघी एकाच लेकरासाठी, एकमेकींना धरून, वेगवेगळ्या रडलो. असं एकटेपण मला त्याला मातीत ठेवलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

ती अक्षरं कोणी पुसली नाहीत. पायाखाली येऊन आपोआप पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोन बायांकडे गेले आणि सांगितलं, पोरगी दगड नाही, तिला कळलंच नव्हतं. त्या रडल्या. जिने दगड म्हटलं होतं तीच म्हणाली, "मंग तिले शिकव न वं." जशी काही ती भाकरी थापायची गोष्ट होती.

पण मुलीनेही तेच म्हटलं. सकाळी मी कपाशीकडे निघाले तर मागे आली आणि म्हणाली, "याडी, मले तो ढावलो शिकव. भियाचा." मी म्हणाले, तो शिकवत नसतात, तो येतो. तिने ऐकलं नाही. "तू म्हन, मी पाठ करतो," म्हणाली. तिची हीच ख्याती होती, एकदा ऐकलं की पाठ. वेचता वेचता मी एक ओळ म्हणायची, ती म्हणायची. कुठला शब्द कळला नाही की हात वर करायची, आणि मी अर्थ सांगायची. अर्थ सांगताना मला वाटायचं, मी माझ्या लेकराला पुन्हा पुन्हा मातीत ठेवते आहे. तरी सांगितला. तिला हवा होता ना.

सुटी संपत आली तेव्हा नवरा पहिल्यांदा बोलला. "एक गेलं. हे डोळ्यापुढं राहू दे." सासूचंही तेच. खरं सांगायचं तर माझंही तेच. तिला घरी ठेवावी, बायांत बसवावी, दोन वर्षांत सगळं येईल, पुन्हा आमची होईल. एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला ती, रोज सकाळी रिबिनी धुऊन वाळत घालणारी. मी तिला विचारलं. खाली पाहून म्हणाली, "मले जायचं हाय." तिचं तिथे नाव होतं. भाऊ गेलेल्या घरात तिला काय होतं, एक न बोलणारा बाप, एक भिंतीकडे तोंड केलेली आजी आणि मी. मी म्हणाले, जाऊ द्या तिला. हे म्हणताना मला कळत होतं मी काय देते आहे. धाकट्याला तापाने नेलं, त्यात माझं काही चाललं नाही. हिला मी माझ्या हाताने देत होते.

सडकेवर मोटारीची वाट पाहत आम्ही उभ्या होतो. तांड्यातल्या बाया पोचवायला आल्या होत्या. पेटी खाली ठेवून मुलगी माझ्याकडे आली आणि तिने स्वतःहून माझ्या गळ्यात हात घातले. मान खांद्यावर टाकली. आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ताप, ओढणी, पाणी, शेवटची हाक. कुठे अडखळली नाही, एक शब्द मागेपुढे झाला नाही. जिथे मी श्वास घेतला होता तिथेच तिने श्वास घेतला. तिचा आवाज स्वच्छ होता, तपासनिसापुढे कविता म्हणताना असेल तसा. बाया थक्क होऊन ऐकत होत्या, डोळे पुसत होत्या. मीही उत्तर द्यायला तोंड उघडलं. रीतीप्रमाणे आता माझी पाळी होती.

तिने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यांत काळजी होती.

"बरोबर म्हटलं ना, याडी?"

"बरोबर म्हटलं," मी म्हणाले.